कानोसा : एका ध्वनी-मांडणशिल्पाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

वाडा मिळाला. सदाशिव पेठेत, आत बोळात. मालकांनी जानेवारीअखेरपर्यंत वापरायला दिला आहे, मग तो बिल्डरच्या ताब्यात जाईल. आमच्या वाट्याला माडीवरच्या दोन खोल्या, मधली लाकडी फळ्यांची भिंत, खाली चौक आणि चौकाच्या कोपऱ्यातलं न्हाणीघर. माडीची जमीनही फळ्यांचीच, वरचा मातीचा थर केव्हाच काढून टाकलेला. पाय ठेवला की करकरते.

करायचं काय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. पाळत या विषयावरचं ध्वनी-मांडणशिल्प करायचं आहे. येणाऱ्याने नुसतं ऐकून जायचं नाही. त्याचा आवाज कामात गेला पाहिजे आणि गेल्यावर त्याचं काय होतं हे त्याला कळलं पाहिजे. कॅमेऱ्यांविषयी निदान बोललं तरी जातं. जर्मन बेकरीतल्या २०१० च्या स्फोटानंतर पुण्यात ते झपाट्याने वाढले, आणि सीसीटीव्हीची पाटी आता किराणा दुकानातही दिसते. ऐकणाऱ्या यंत्रांविषयी तेवढं बोललं जात नाही. माइक खिशातल्या फोनमध्ये आहे, टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे, कपाटावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये आहे. कॅमेऱ्याकडे पाठ तरी फिरवता येते. माइकपासून सुटायचं तर गप्पच बसावं लागतं.

बाहेर प्रचाराच्या रिक्षांचे भोंगे. १८ तारखेला संध्याकाळी प्रचार थांबेपर्यंत रेकॉर्डिंगचं नाव काढायचं नाही.

१३ नोव्हेंबर

वाड्यात शेवटपर्यंत राहिलेल्या आजी आज येऊन गेल्या. आता मुलाकडे कोथरूडला फ्लॅटमध्ये असतात. जिना चढताना कठड्याला हात लावायची गरज पडली नाही, पायऱ्या पाठ आहेत.

मी विचारलं, या फळ्यांच्या भिंतीतून पलीकडचं किती ऐकू यायचं?

"अगं, सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. पलीकडे कुणी कूस बदलली तरी कळायचं."

"मग राहायचात कसे?"

"राहायचं म्हणजे काय? ऐकलं तरी ऐकलं नाही असं वागायचं. सकाळी नळावर भेट झाली की 'पाणी आलं का' एवढंच विचारायचं."

त्यांच्या यजमानांची छापखान्यातली नोकरी गेली त्या रात्री नवराबायकोत झालेलं बोलणं अख्ख्या माडीने ऐकलं असणार. सकाळी कुणी चकार शब्द काढला नाही. दोनचार दिवसांनी शेजारचे जिन्यात सहज भेटल्यासारखे भेटले आणि अमुक ठिकाणी कंपोझिटर हवाय म्हणून सांगून गेले. कुठून कळलं हे त्यांनी सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही.

मी हे भराभर लिहून घेत होते, तर आजींनी थांबवलं. "एवढं गोड नको लिहूस. सुनांचं वेगळं होतं. सासूबाईंना ऐकू गेलेलं कधी विसरलं जायचं नाही. रडायचं असेल तर न्हाणीघरात जायचं आणि पितळी बादलीत नळ सोडायचा, म्हणजे बाहेर कळत नाही. पाणी सकाळचे दोन तास असायचं. काय ते तेवढ्यात."

पाण्याच्या धारेत सगळ्या उंचीचे स्वर एकदम असतात, म्हणून बोलण्याला झाकायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. हे मी पुस्तकात शिकले. आजींनी पंचविशीत स्वतःच शोधून काढलं होतं, आणि त्यालाही पाण्याची वेळ गाठावी लागत होती.

१९ नोव्हेंबर

भोंगे थांबले. रात्री ११ नंतर दोन्ही खोल्यांत शांतता मोजली. वाड्याच्या भिंती जाड, त्यामुळे लक्ष्मी रोडची रहदारी आत जवळजवळ पोहोचतच नाही. रहिवासी भागात रात्रीची कायद्याची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आपण तिच्या बरेच खाली आहोत. कुजबुजीवर काम करता येईल.

२३ नोव्हेंबर

हार्डवेअर माझ्या मैत्रिणीकडे. हिंजवडीत एम्बेडेडमध्ये नोकरी करते, शनिवार-रविवार इकडे येते. तिने ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलर चिपचा बोर्ड आणि त्याला जोडायचे छोटे डिजिटल माइक आणले. सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट. चिपमधली मेमरी ५२० किलोबाइट. प्रोग्रामला लागणारी जागा वजा केली तर जेमतेम दहा सेकंदांचं बोलणं मावतं. वायफाय बंद, मेमरी कार्डाची खाच नाही. तिचं म्हणणं, याच्याहून सुरक्षित काय हवं?

मग मी विचारलं, कार्ड असतं तर किती मावलं असतं? तिने वहीवर हिशेब मांडला. बोलण्यापुरतं सेकंदाला १६ किलोबिटचं कॉम्प्रेशन भागतं. तासाला ७.२ मेगाबाइट, दिवसाला सुमारे १७३, वर्षाला ६३ गिगाबाइट. एका माणसाच्या कानावर वर्षभरात पडलेलं सगळं, रात्रीच्या घोरण्यासकट, ६४ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात बसतं, आणि असं कार्ड कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळतं.

आम्ही दोघी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो. साठवणं महाग होतं तोवर विसरणं आपोआप घडत होतं. आता ठेवायला काहीच लागत नाही, पुसायचं म्हटलं तर कुणाला तरी कष्ट घ्यावे लागतात.

या कामाचा गाभा मला आज लागला. ऐकू जाण्याने वाडा राहण्यासारखा उरला नाही असं झालं नाही. ऐकणाऱ्यालाही तिथंच राहायचं होतं, त्याचंही कुणी ऐकत होतं, आणि ऐकलेलं गिळायची रीत होती. यंत्र ऐकतं, जपून ठेवतं, आणि त्याला सकाळी नळावर कुणाला तोंड दाखवायचं नसतं. म्हणून आपलं मांडणशिल्प ऐकणारं तर हवंच, पण ऐकून सोडून देणारं हवं, आणि सोडून दिलेलं समोरच्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. चिपमध्ये १० सेकंदच मावतात यावर मैत्रिणीचा विश्वास बसतो कारण ती चिप जाणते. बाकीच्यांनी आमच्या शब्दावर भरवसा ठेवायचा. आज जगातली प्रत्येक कंपनी आपल्याकडून हेच मागते आहे.

२७ नोव्हेंबर

टेलिफोनचं बोलणं टेप करायला पूर्वी एक पिकअप कॉइल मिळायची, सक्शनने रिसीव्हरला चिकटणारी. विजेच्या उपकरणांभोवतीचं बदलतं चुंबकी क्षेत्र ती टिपते. ती छोट्या अँप्लिफायरला जोडून, हेडफोन लावून लक्ष्मी रोडवर फिरले. एटीएमजवळ जाड गुणगुण, दुकानाच्या जाहिरातीच्या पडद्यासमोर करवतीसारखी धार, कॅमेऱ्याच्या अडॅप्टरची बारीक शिट्टी. क्रिस्टिना कुबिश ही जर्मन कलाकार खास बनवलेले हेडफोन लोकांना देऊन २००४ पासून शहरोशहरी असे फेरफटके घडवते आहे. कानावर विलक्षण परिणाम होतो, शहर उलटं करून दाखवल्यासारखं वाटतं. पण यात माणसाचा आवाज नाही. आपल्या कामातून बाहेर.

१ डिसेंबर

रविवार, जुना बाजार. जुन्या मिक्सरांच्या आणि पंख्यांच्या ढिगामागे एक स्पूलचा टेपरेकॉर्डर दिसला. मोटर फिरते, टेपवर आवाज उमटवणारं हेड झिजलेलं. मी विकत घेईपर्यंत मैत्रिणीला काही बोलले नाही. रिक्षात सांगितलं : मेमरी टेपची करू या. दोन्ही टोकं जोडलेला बंद लूप. टेप खोलीभर फिरताना दिसेल आणि पुसली जातानाही दिसेल.

ती आधी हसली, मग गप्प झाली, आणि लकडी पूल येईपर्यंत तिने कागदावर पुल्या काढायला घेतल्या होत्या.

४ डिसेंबर

तपकीर गल्ली. दुरुस्तीवाले काका वयाने सत्तरीच्या पुढचे, दुकान एका माणसाला उभं राहता येईल एवढं. मैफलींच्या स्पूल घेऊन अजूनही काही जुने शौकीन त्यांच्याकडे येतात. हेड बदलायचं मान्य केलं, पण लूप म्हटल्यावर मान हलवली. "ताई, लूपला ताण सारखा राहत नाही, आवाज डोलतो." मग स्वतःच उपाय सांगितला : एक पुली हलती ठेवायची, तिला वजन बांधायचं.

खरी मदत झाली ती पुसण्याबाबत. चांगल्या डेकमध्ये इरेज हेडला उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह देतात. काम चोख, पण बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. काकांनी खणातून एका स्वस्तातल्या कॅसेट रेकॉर्डरचा सांगाडा काढला. रेकॉर्डचं बटण दाबलं की एक छोटी पट्टी पुढे येते, तिच्या टोकाला नुसतं लोहचुंबक. टेप त्याला घासून जाते आणि आधीचं सगळं जातं. "मागे थोडी सूं राहते," काका म्हणाले, "पण शब्द राहत नाही."

हेच हवं होतं. लोहचुंबक काय करतं हे कुणालाही शिकवावं लागत नाही.

८ डिसेंबर

बोलणारा पहिल्या खोलीत, त्याचा आवाज टेपवरून पलीकडच्या खोलीत ऐकू येणार. तो किती स्पष्ट ठेवायचा? दुसऱ्या खोलीच्या टोकाला भिंतीत फडताळ आहे, जाड सागवानी दारांचं. स्पीकर आत ठेवून दारं लावली. लाकूड वरच्या पट्टीतला आवाज अडवतं, आणि व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः तिथेच. त्यामुळे खोलीच्या मध्यावर नुसती बोलण्याची चाल ऐकू येते : प्रश्न, विनवणी, राग. दाराला कान टेकला की शब्द लागायला लागतात.

मैत्रिणीच्या आईला खोलीच्या मध्यावर उभं केलं आणि पाचसहा ओळखीच्या माणसांचे आवाज सोडले. एकही वाक्य त्यांना कळलं नाही. माणसं मात्र सगळी ओळखली. आपल्या मुलीचा आवाज आल्यावर वर म्हणाल्या, "हिचा घसा बसलाय, काढा घेतला नाही वाटतं."

शब्द काढून टाकले म्हणजे माणूस झाकला गेला, हा समज किती कच्चा आहे ते दिसलं. कोण, केव्हा, किती वेळ, कुठल्या सुरात, एवढ्यावर पुष्कळ काही कळतं. 'आम्ही फक्त कॉलचा तपशील ठेवतो, बोलणं नाही' असं सांगितलं जातं तेव्हा मला यापुढे या माउली आठवतील.

आणखी एक निर्णय. फडताळासमोरची फळी वाड्यातली सगळ्यांत बोलकी फळी आहे. तिच्या खाली थरथर टिपणारी पिझोची चकती बसवायची आणि तिची करकर पहिल्या खोलीत, बोलणाऱ्याच्या कानाशी असलेल्या स्पीकरवर सोडायची. ऐकणारा जितका जवळ जाईल तितकं त्याला अधिक कळेल, आणि तितकाच तो पलीकडे अधिक उघडा पडेल. चोरून ऐकायचं असेल तर त्याची चाहूल लागलीच पाहिजे. वाड्यात ती लागत होती.

१३ डिसेंबर

लूप. सेकंदाला ९.५ सेंटिमीटर वेग धरला तर एका मिनिटाला ५.७ मीटर टेप लागते. डेक पहिल्या खोलीत. तिथून टेप फळ्यांच्या भिंतीतल्या फटीतून दुसऱ्या खोलीत जाते, तिथे वाचणाऱ्या हेडवरून वळते आणि दुसऱ्या फटीतून परत. जाताना अर्धा मिनिट, येताना अर्धा. डेकपाशी परतली की आधी लोहचुंबक, मगच रेकॉर्डिंग हेड.

सुतारदादांनी पुल्यांचे आस पितळी केले. लोखंडी खिळा चुंबकाच्या सान्निध्यात राहिला तर तोही हळूहळू टेप खराब करायला लागतो, म्हणून टेपच्या वाटेवर लोखंड नाहीच. जोड ४५ अंशांत तिरपा कापला, म्हणजे हेडवरून जाताना 'टक्' असा आवाज येत नाही. जोडावरची पट्टी पांढरी आहे. तपकिरी टेपवर ती लांबूनही दिसते, त्यामुळे फेरी कुठवर आली ते कुणालाही सांगता येतं. हा फायदा आमच्या ध्यानीमनीही नव्हता.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा टेप भिंतीत शिरताना हलकेच थरथरत होती. वजन थोडं वाढवलं, थांबली.

२१ डिसेंबर

सवाईचे दिवस. निम्मे मदतनीस मुकुंदनगरला. आजचं काम एवढंच : खरंच पुसलं जातं का?

माइकसमोर सगळ्या ताकदीने ओरडून घेतलं, एक फेरी जाऊ दिली, मग अँप्लिफायर चढवून हेडफोनवर ऐकलं. सूं, आणि त्याखाली फार दबलेली एक लकेर. चुंबक टेपच्या मागच्या बाजूला होता; लेप असलेल्या बाजूला थेट टेकवला. पुन्हा ओरडून घेतलं. आता फक्त सूं. मैत्रिणीने लॅपटॉपवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचा आलेख, काढून बघितला, सपाट. आता आम्ही कुणालाही शब्द देऊ शकतो.

२४ डिसेंबर

वाद झाला. चुंबक दांडीवर बसवावा आणि दांडी येणाऱ्याच्या हातात द्यावी, असं माझं म्हणणं होतं. ज्याचा आवाज त्यानेच पुसावा, कृती त्याची असावी. मैत्रीण ठामपणे नाही म्हणाली. "म्हणजे पुसण्याची जबाबदारी त्याची. विसरला तर राहिलं. हे तर सगळी अ‍ॅप्स करतातच : सेटिंगमध्ये जा, सतरा ठिकाणी दाबा, मग कदाचित पुसू. पुसणं मागावं लागता कामा नये."

तिचं पटलं. चुंबक पक्का बसवला. दांडी नाही.

न्हाणीघराचंही ठरलं. तिथे माइक ठेवा, पाण्याच्या आवाजाशी खेळता येईल, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. आजींच्या बोलण्यानंतर मला ते करवत नाही. वाड्यात तेवढी एक जागा माइकशिवाय राहील. आत पितळी बादली आणि ड्रमला जोडलेला नळ. दार आतून लावता येईल. त्या दाराआड काय होतं याच्याशी आमचा संबंध नाही.

२९ डिसेंबर

चाचणी. आजींना सोडायला त्यांच्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या मावशी आल्या होत्या. आजी चौकात ओट्यावर बसल्या, मावशींना मी वर घेऊन गेले.

खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी आधी छताचे चारही कोपरे पाहिले. मी कारण विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. फाटकावर गार्ड अ‍ॅपमध्ये येण्याजाण्याची वेळ टाकतो. लिफ्टमध्ये कॅमेरा. एका घरी स्वयंपाकघरात कॅमेरा आहे, बेसिनच्या वर, त्यातून बोलताही येतं. "मी भांडी घासत असते आणि एकदम ताईंचा आवाज येतो, 'मावशी, गॅस बारीक केला का?' ताई असतात ऑफिसात. इतकं दचकायला होतं. आता त्या घरात मी गाणंसुद्धा म्हणत नाही."

पाळतीविषयीच्या आमच्या चर्चा बहुतेक वेळा स्वतःच्या फोनपाशी सुरू होतात आणि तिथंच संपतात. हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळं बांधली. ज्याला नोकरीसाठी नाही म्हणता येत नाही, त्याच्यावर प्रयोग आधी होतो.

मावशींनी विचारलं, "हे कुणाच्या मोबाइलवर जातं का?"

"नाही. या पट्टीवर जातं. ही फिरून इथं येते."

"इथं काय आहे?"

"लोहचुंबक."

त्यांनी वाकून पाहिलं. पांढरा जोड भिंतीत गेला, पलीकडून आला, चुंबकाला घासून पुढे सरकला. तो पुन्हा येईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही खाली जाता का जरा?"

मी खाली आले. त्या बऱ्याच वेळाने उतरल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, आणि ते आता कुणालाच कळणार नाही. या प्रकल्पातली मला सगळ्यांत समाधान देणारी गोष्ट आजवर हीच झाली.

४ जानेवारी २०२५

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याच्या नियमांचा मसुदा काल सरकारने सूचनांसाठी खुला केला. रात्री वाचत बसले. संमती घेताना सूचना साध्या भाषेत द्यायची, आणि इंग्रजी नको असेल तर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत ती मिळाली पाहिजे, हे मूळ कायद्यातच आहे. मराठी त्यात आली. किती अ‍ॅप्स ती सूचना आपल्या मावशींना समजेल अशा मराठीत देतील हे बघायचं.

गंमत अशी की कायदा डिजिटल स्वरूपातल्या डेटापुरता आहे, किंवा कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या. आमची टेप त्याच्या कक्षेत येतच नाही. तरी पाटी लावायची. टेलिफोनवरचं बोलणं खासगी असतं हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या खटल्यात सांगितलं होतं. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हक्क मोठ्या खंडपीठाने दिला. तो पाळायचा मात्र दारावरच्या पाटीपासून.

पाटीचा मजकूर आज पक्का झाला :

*वर बोललात तर तुमचा आवाज टेपवर जाईल. अर्ध्या मिनिटाने तो पलीकडच्या खोलीत ऐकू येईल. तिथे त्या वेळी कोण असेल हे आम्हाला सांगता येणार नाही. एका मिनिटाने तो पुसला जाईल. पुसला जाताना तुम्ही उभं राहून बघू शकता. शब्द कळले नाहीत तरी ओळखीच्या माणसाला तुमचा आवाज ओळखू येईल. बोलायचं नसेल तर नुसतं बघा. जिथे माइक नाही अशी जागा हवी असेल तर खाली न्हाणीघर आहे.*

आजींना वाचून दाखवली. एकच दुरुस्ती सुचवली, "अक्षर मोठं काढ."

१० जानेवारी

फोनचं काय करायचं? बंद करून खिशात ठेवला तर चालेल, असं एका मदतनिसाचं मत. पेगॅसससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनधारकाच्या नकळत माइक चालू करू शकतं, हे २०२१ पासून सगळ्यांना ठाऊक झालं आहे. माइक तरी लागतो असंही नाही. फोनचं वळणं टिपणाऱ्या जायरोस्कोपमधून जवळच्या बोलण्याचा अंश मिळवता येतो हे २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, आणि त्या सेन्सरला वेगळी परवानगी लागत नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीत काचेपलीकडच्या वेफर्सच्या पाकिटाची थरथर व्हिडिओत टिपून बोलणं परत उभं केलं गेलं.

या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट मी पोरांना सांगितली. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला सोव्हिएत मुलांकडून कोरीव लाकडी राजचिन्ह भेट मिळालं. आत बॅटरी नाही, वायर नाही. एक पातळ पडदा आणि अँटेना. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की ते जागं व्हायचं आणि खोलीतलं बोलणं परत पाठवायचं. ते सापडलं १९५२ मध्ये. बनवणारा लेव थेरेमिन, ज्याच्या नावाचं, हात न लावता वाजवायचं वाद्य आम्ही ध्वनीवाले सगळे ओळखतो. सूर निघतो आणि भिंतीला कान फुटतो तो एकाच विद्येतून. आमच्या हातातली साधनं कुठल्या घरची आहेत हे विसरून चालणार नाही.

फोन खाली ठेवायचे. दिंडीतल्या कोनाड्यांना सुतारदादा दारं आणि कुलपं लावून देताहेत. किल्ली ज्याची त्याच्याकडे.

१८ जानेवारी

पहिला दिवस. गर्दी बेताची, पण माणसं रेंगाळत होती. कुणी काय बोललं ते माझ्याकडे नाही, जे दिसलं तेवढंच लिहिते.

बहुतेक जण पहिल्या फेरीला 'हॅलो, हॅलो' किंवा अंक म्हणतात. पांढरा जोड चुंबकावरून गेला की चेहरा बदलतो. दुसऱ्या फेरीला पाठ वळवून, माइकजवळ तोंड नेऊन बोलतात. फळी करकरली की थबकतात. काही जण तिथंच थांबले. एका मुलीने मात्र मान वर करून आवाज मुद्दाम चढवला, पलीकडच्याला ऐकवायचंच होतं तिला.

दुसऱ्या खोलीत वेगळंच. फडताळाला कान लावायला माणसं संकोचतात. आधी इकडेतिकडे बघतात. फळी वाजली की पाय मागे घेतात. एक गृहस्थ खोलीच्या मध्यावरच थांबले, हात पाठीशी बांधून, एकदाही पुढे गेले नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाले, "रडत होतं कुणीतरी. ऐकायला नको होतं." आणि खाली उतरून, कोण ते शोधायच्या भानगडीत न पडता, कोनाड्यातून फोन घेऊन गेले.

न्हाणीघरापाशी संध्याकाळी रांग होती. याची मी कल्पनाच केली नव्हती. नवराबायको, मैत्रिणी, एक वडील आणि कॉलेजातला मुलगा. दार लावून, नळ सोडून. ड्रम पुन्हा भरावा लागला.

एका विद्यार्थ्याने फार नेमका प्रश्न विचारला : दुसऱ्या खोलीतल्या माणसाने लक्षात ठेवलं तर? ते कसं पुसणार? मी म्हटलं, ते पुसता येत नाही आणि पुसायचंही नाही. त्या माणसाला तोंड आहे, ओळख आहे, उद्या तो तुला रस्त्यात भेटू शकतो. त्याचं समाधान झालं नाही. झालंच पाहिजे असंही नाही.

२५ जानेवारी

आवराआवर. शेवटच्या फेरीनंतर माइक काढून टेप रिकामी फिरू दिली, मग लूप कापला. लेप बराच झडला आहे, हेडवर तपकिरी भुकटी. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर कडक झालंय. काकांकडे सांगून ठेवलं.

मार्चमध्ये वाकडला एका मित्राच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये हेच काम उभं करायचं ठरतंय. मला तिथंच जायचं होतं. आता बहुतेक पुणं राहतं ते फ्लॅटमध्ये. अडचण जमिनीची आहे. फरशी वाजत नाही, मोजे घालून कुणी दाराशी येऊन उभं राहिलं तर काही कळत नाही, आणि ऐकणाऱ्याची चाहूल नसेल तर या कामात राम नाही. सुतारदादा म्हणतात, सागाच्या जुन्या फळ्यांचा चार बाय सहाचा पाट करून देतो, मुद्दाम ढिला. पिझोसाठी खालून खाच ठेवायला सांगितली आहे. दाराचं माप उद्या घ्यायचं.